होकाराचं वय आणि धावेची वेळ

म्हसवडची सगळ्यात मोठी जत्रा ही एका लग्नाची वरात आहे. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास ग्रामदैवत सिद्धनाथाचं जोगेश्वरीशी लग्न लागतं आणि मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, देवदिवाळीच्या दिवशी, नवरा-नवरीचा रथ निघतो. गुलाल-खोबऱ्याची उधळण होते, पंचक्रोशीतली माणसं लोटतात. देवाच्या लग्नाची तिथी पक्की. माणसांच्या लग्नाचं मात्र माणदेशात तसं नव्हतं. पाऊस बरा झाला, शाळू पदरात पडला की हात पिवळे करायचे. आणि पाऊस गेला तरीही करायचे, कारण घरातलं खाणारं एक तोंड कमी होतं. पोरीचं वय किती, हा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर असायचं, ‘मोठ्या दुष्काळाच्या साली जन्मलेली.’

आज म्हसवडहून दहिवडीकडे जाणाऱ्या रस्त्याला पहाटे निघालं की वेगळंच दृश्य दिसतं. ट्रॅकपँट घातलेल्या पोरापोरींचे घोळके कडेने पळत असतात. एखादा मोबाइलवर वेळ लावून उभा असतो, कोणी रिकाम्या रानात गोळा फेकत असतो. पोलीस भरतीची ही तयारी. इथल्या तरुणांच्या तोंडी ‘ग्राउंडला किती पडले?’ हा प्रश्न परीक्षेतल्या गुणांइतकाच सहज असतो.

या दोन दृश्यांच्या मध्ये दीडशे वर्षं आहेत. वाढत्या वयातल्या पोरापोरींचं शरीर कोणी मोजलं, कशासाठी मोजलं आणि त्यांना स्वतःला कधी विचारलं, याचा हा इतिहास. तो सलग नाही. त्यात दुष्काळ आहे, एक हौशी राजा आहे, कोर्टकचेऱ्या आहेत आणि एक बँकसुद्धा आहे.

सुरुवात दुष्काळापासून करावी लागते. १८७६च्या पावसाने दगा दिला आणि दख्खनेत १८७८पर्यंत हाहाकार माजला. म्हसवडजवळचा राजेवाडीचा विस्तीर्ण तलाव ही त्याच दुष्काळाची निशाणी. सरकारने तो दुष्काळी काम म्हणून हाती घेतला. अशा कामावर माणूस आला की त्याची वर्गवारी व्हायची. पुरुषाला एक दर, बाईला त्याहून कमी, पोराला आणखी कमी. फुकट खायला कोणी येऊ नये म्हणून अंगमेहनत हीच गरजेची कसोटी ठरवलेली होती. माती वाहण्याइतका जीव ज्याच्या अंगात आहे त्याला धान्य, आणि तो जीव टिकावा इतकं धान्य मात्र नाही. सर रिचर्ड टेम्पल यांनी दिवसाला एक पौंड धान्याचा हिशेब पुढे आणला तेव्हा मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी १८७७च्या जानेवारीत कामावर पाठ फिरवली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारकडे मांडली. शारीरिक क्षमतेची चाचणी म्हणतात ती माणदेशाने पहिल्यांदा पाहिली ती अशी, पाटी डोक्यावर घेऊन. पुढे १९७२च्या दुष्काळात खडी फोडण्याची पाळी पुन्हा आली. त्या पिढीला आजही सुकडीची चव आठवते.

इकडे पोटाचा हिशेब चालू असताना तिकडे मुंबईत आणि पुण्यात वयाचा हिशेब सुरू झाला होता. त्यातली मोठी माणसं याच मातीतली. सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाईंचं लग्न १८४० साली नवव्या वर्षी झालं. कऱ्हाडजवळच्या टेंभूत १८५६मध्ये गोपाळ गणेश आगरकर जन्मले. सांगलीलगतच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी जख्खड म्हाताऱ्याशी कोवळ्या पोरीचं लग्न लावण्याच्या व्यवहारावर ‘संगीत शारदा’ लिहिलं. ते १८९९मध्ये रंगभूमीवर आलं. पुढे बालविवाहाविरुद्धचा कायदा ‘शारदा कायदा’ म्हणूनच ओळखला गेला, पण तो योगायोग. कायद्याचे जनक हरबिलास सारडा राजस्थानातले.

होकाराचा प्रश्न मात्र कायद्याच्या दारात नेला तो रखमाबाईंनी. त्या १८६४च्या. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी त्यांचं लग्न लावलं गेलं, पण त्या माहेरीच राहिल्या, शिकत राहिल्या. १८८४मध्ये नवऱ्याने नांदायला यावं म्हणून दावा लावला. न कळत्या वयात लावून दिलेलं लग्न मला मान्य नाही, असं म्हणणारी बाई कोर्टाने आधी पाहिली नव्हती. १८८५मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूने कौल दिला. अपिलात तो टिकला नाही आणि १८८७मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन आल्या आणि सुरतेत, पुढे राजकोटला बायकांवर उपचार करत राहिल्या.

त्या काळी भारतीय दंडविधानात संमतीचं वय होतं १०. हा आकडा आज वाचताना अडखळायला होतं. १८९०मध्ये कलकत्त्याचं फुलमणी दासीचं प्रकरण गाजलं. ती जेमतेम दहा-अकरा वर्षांची, नवरा तिच्या कितीतरी पट वयाचा, आणि त्याने केलेल्या जबरदस्तीत ती मेली. त्यानंतर १८९१च्या कायद्याने वय १०वरून १२ केलं. एवढ्या दोन वर्षांच्या फरकासाठी पुण्यात रणकंदन झालं. आगरकरांचा ‘सुधारक’ कायद्याच्या बाजूने उभा राहिला, टिळकांचा ‘केसरी’ विरोधात. टिळक बालविवाहाचे भाट नव्हते. लग्नाचं वय लोकांनी आपणहून वाढवावं, परक्या सरकारने घरात शिरू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. आगरकरांना ही वाट पाहणं मान्य नव्हतं. समाज आपणहून शहाणा होईपर्यंत किती पोरी जातील, हा त्यांच्यापुढचा सवाल होता, आणि सव्वाशे वर्षांनंतर मागे वळून पाहताना या वादात आगरकरच बरोबर होते असं म्हणायला हरकत नाही. त्यांच्या हयातीतच विरोधकांनी त्यांची प्रेतयात्रा काढली.

पण बारा म्हणजे बारा हे ठरवायचं कोणी? गावात जन्माची नोंद धड नाही, पत्रिका सगळ्यांची नाही. पुढे शाळा आल्या तेव्हा गुरुजींनी पोराच्या उंचीकडे बघून, दात मोजून, वयाचा अंदाज बांधला आणि जन्मतारीख लिहिली, १ जून. शाळा जूनमध्ये भरत, म्हणून सोयीची तारीख. महाराष्ट्रातल्या अख्ख्या पिढ्या १ जूनला जन्मलेल्या आहेत. साताऱ्या-सांगलीच्या कोणत्याही कचेरीत निवृत्तीच्या समारंभांची गर्दी ३१ मेला होते ती यामुळेच. शाळेच्या दाखल्यावरचा हा आकडा एकदा लिहिला की दगडावरची रेघ. मुलीचं लग्न कायद्यात बसतं की नाही हेही मग त्याच अंदाजी तारखेवरून ठरू लागलं.

म्हसवड ब्रिटिश अमलाखालच्या सातारा जिल्ह्यात होतं, पण शेजारचं आटपाडी औंध संस्थानात. हे संस्थान म्हणजे नकाशावर विखुरलेले तुकडे: औंध, आटपाडी, कुंडल, खाली विजापूरच्या बाजूचं गुणदाळ. सगळं मिळून सुमारे ५०० चौरस मैल. गादीवर १९०९पासून भवानराव पंतप्रतिनिधी. हा राजा चित्रं काढायचा, कीर्तन करायचा आणि व्यायामाने झपाटलेला होता. तरुणपणी त्याचं अंग सुटलेलं होतं. १८९७मध्ये त्याने युरोपातला नामांकित बलवान सँडो याची उपकरणं आणि पुस्तकं मागवली आणि दहा वर्षं इमानेइतबारे त्या पद्धतीने व्यायाम केला. नंतर मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून तो सूर्यनमस्काराकडे वळला, आणि मग आयुष्यभर त्याने दुसरं काही सांगितलं नाही म्हटलं तरी चालेल.

नमस्कार जुनेच होते. तालमीत, मठात, घरच्या ओटीवर लोक ते घालत. भवानरावांनी त्यांची कवायत केली. एकेक अवस्था क्रमाने आखली, श्वास कुठे घ्यायचा, कुठे सोडायचा हे सांगितलं, प्रत्येक नमस्काराला बीजमंत्र जोडला, आहाराचे नियम घातले. हात टेकतात तिथेच पुढच्या वेळी टेकले पाहिजेत, पाय त्याच रेषेत आला पाहिजे, गुडघा वाकता कामा नये. मग संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. माणदेशातल्या आटपाडीचं पोरगं, घरी भाकरीची भ्रांत असलेलं, सकाळी रांगेत उभं राहून ‘ॐ ह्रां’ म्हणत वाकू लागलं. औंधच्या शाळेत काही काळ साने गुरुजी शिकले. पुढच्या पिढीत माडगूळचे गदिमाही तिथे होते, जे गणिताने अडवल्यामुळे मॅट्रिकला नापास झाले. अंग कमावण्याच्या या कारखान्यातून लेखकच जास्त बाहेर पडले, ही औंधची गंमत.

राजाने हा व्यायाम बायकांनाही सांगितला, स्वतःच्या राणीपासून सुरुवात करून. त्या काळात मुलींनी अंगणात असं वाकणं-उठणं ही साधी गोष्ट नव्हती, आणि त्याचं श्रेय भवानरावांना द्यायलाच हवं. १९३६मध्ये ते इंग्लंडला गेले तेव्हा ‘न्यूज क्रॉनिकल’च्या लुईस मॉर्गन यांनी त्यांची मुलाखत घेतली, आणि १९३८मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक तिकडच्या वाचकांसाठी नव्याने निघालं. पण बाईच्या नमस्काराची भलामण करताना भर असायचा तो सुलभ बाळंतपणावर, सुदृढ मुलांवर, टिकणाऱ्या रूपावर. पोरीचं शरीर चांगलं राहावं ते होणाऱ्या आईचं म्हणून. तिला पळायला आवडतं का, हे त्या यादीत नव्हतं.

त्याच सुमारास मुंबईत र. धों. कर्वे अगदी उलट्या टोकाने लिहीत होते. १९२१मध्ये त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, जुलै १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक. वाचक पत्रांतून जे विचारत ते घरात, शाळेत, दवाखान्यात कोणी बोलत नव्हतं: वयात येतानाच्या शंका, हस्तमैथुन, नको असलेला संबंध. कर्वे सरळ उत्तरं देत. बाईच्या इच्छेला पुरुषाच्या इच्छेइतकीच किंमत आहे असं ते लिहीत, आणि म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. खटला हरले, दंड झाला. मासिक १९५३मध्ये कर्वे गेले तेव्हाच थांबलं.

कायदा दरम्यान एकेक पायरी चढत होता. सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९२८-२९मध्ये देशभर फिरून साक्षी घेतल्या. १९२९च्या शारदा कायद्याने मुलीचं लग्नाचं वय १४ आणि मुलाचं १८ ठरवलं. तो १ एप्रिल १९३०पासून लागू होणार होता. मधल्या सहा महिन्यांत लोकांनी काय केलं असेल? बार उडवून दिले. १९३१च्या जनगणनेत बालवधूंची संख्या फुगलेली दिसली, ती या घाईमुळे.

कायदा जिथे पोचत नव्हता तिथे कधी कधी वेगळीच सत्ता पोचली. १९४३पासून साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. त्याच्या तुफान सेनेचं एक मोठं केंद्र कुंडल, म्हणजे पुन्हा औंध संस्थान. जी. डी. बापू लाड यांच्या हाताखाली तरुण पोरं लाठी, कवायत, पळणं शिकत होती. याच सरकारने गावोगाव न्यायदान मंडळं नेमली, बायकांवर हात टाकणाऱ्यांना शिक्षा दिल्या आणि हुंडा-मानपान टाळून थोडक्या खर्चात ‘गांधी पद्धतीची’ लग्नं लावली. बायकोला छळणाऱ्या नवऱ्याचा निवाडा गावच्या चावडीसमोर व्हायचा. यातही मुलीला कितपत विचारलं जाई, ते गावावर आणि माणसावर अवलंबून असणार. पण घरातली मारझोड ही घरातली गोष्ट राहिली नाही, एवढं नक्की झालं.

स्वातंत्र्यानंतर शरीर मोजण्याचं काम सरकारने अंगावर घेतलं. जगभर तेव्हा तेच वारं होतं. अमेरिकेत १९५०च्या दशकात क्राउस आणि वेबर यांच्या साध्या चाचण्यांत तिथली निम्म्याहून जास्त मुलं नापास झाली, युरोपातली मात्र दहात एकापेक्षाही कमी. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५६मध्ये त्यासाठी खास परिषद नेमली. भारताने १९५९-६०मध्ये राष्ट्रीय शारीरिक क्षमता मोहीम काढली. धावा, उड्या मारा, फेका, ठरावीक आकड्याला पोचलात तर बिल्ला. आता ‘खेलो इंडिया’च्या शालेय चाचणीत उंची-वजन, ५० मीटर, ६०० मीटर, बसून पुढे वाकणं, पोटाचे आणि जोरांचे प्रकार मोजले जातात आणि आकडे अ‍ॅपवर चढतात. ज्या शाळेच्या मैदानात दगड वेचून मगच पळावं लागतं तिथे ६०० मीटर मोजायचे कसे, हे गुरुजी आपापल्या हुशारीने सोडवतात. अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात रक्ताने कमी निघाल्या. अंगात रक्त नसताना पळण्याची वेळ नोंदवून काय कळणार? आणि याच राज्याने २००७मध्ये शाळांतलं लैंगिक शिक्षण बंद पाडलं होतं. स्नायू मोजायचे, पण शरीराबद्दल बोलायचं नाही.

म्हसवडात पोरींच्या लवकर लग्नाची गाठ सुटायला सुरुवात झाली ती अनपेक्षित जागी. चेतना गाला सिन्हा यांनी इथल्या बायकांना घेऊन माणदेशी महिला सहकारी बँक काढायचं ठरवलं, तेव्हा सभासदांना सही येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायका लिहायला शिकल्या, परत गेल्या आणि व्याज तोंडी काढून दाखवतो, तुमच्या साहेबांनाही काढायला सांगा, असं म्हणाल्या. १९९७मध्ये बँक सुरू झाली. याच कामातून पुढे शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली मिळू लागल्या. याचं मोल ज्याला माणदेश माहीत आहे त्यालाच कळेल. सातवीनंतरची शाळा दुसऱ्या गावात, एसटी दिवसातून एखादी, मधे पाच-सात किलोमीटर मोकळं माळरान. पोरगी ‘मोठी झाली’ की तेवढं अंतर तिची शाळा संपवायला पुरेसं. आणि शाळा संपली की स्थळं यायला लागतात. सायकलीने ते अंतर कापलं. पुढे सिन्हा यांच्या या कामाने खेळाकडेही मोर्चा वळवला.

म्हसवडच्याच माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर शाळेत खो-खो खेळायची. मग लांब पल्ल्याची धावपटू झाली. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत २०१२ ते २०१४ अशी सलग पहिली, २०१४च्या आशियाई स्पर्धेत कांस्य, २०१५मध्ये आशियाई विजेती. रिओ ऑलिंपिकला ३००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहावी आली. १९८४मध्ये पी. टी. उषा यांच्यानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय बाई. मोहीसारख्या गावातली वयं अंदाजाने लिहिली गेली असतील, हे १९.७६ कोणा गुरुजींनी अंदाजाने लिहिलेलं नव्हतं. तिला पळताना बघून माणदेशातल्या किती बापांनी पोरीला बूट घेऊन दिले याची मोजदाद कुठे नाही, पण रस्त्यावरची गर्दी दिसते.

या गर्दीला पैशाचंही कारण आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. १९९४च्या महिला धोरणानंतर राज्य सरकारच्या नोकऱ्यांत बायकांना ३० टक्के जागा आल्या. पोलीस शिपाई भरतीत मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मिळून ५० गुणांची मैदानी चाचणी. मुलांना ८००च्या जागी १६०० मीटर. उंची मुलीची १५५ सेंटीमीटर, मुलाची १६५, शिवाय छाती फुगवून मोजायची. सातारा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी छाती मोजण्याची परंपरा जुनीच. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंगे गावची ४६ माणसं कामी आली. फरक इतकाच की आता फितीसमोर पोरीही उभ्या राहतात. अर्ज भरायचं किमान वय १८. हेच १९७८पासून मुलीच्या लग्नाचं कायदेशीर वय, २०१२च्या पॉक्सो कायद्यानंतर संमतीचंही. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठराखालच्या बायकोलाही हेच संरक्षण दिलं. रखमाबाईंच्या काळापासून चाललेले हे तीन आकडे एकदाचे एका रेषेत आले.

रेषेत आले म्हणून भांडण मिटलं नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के बायकांचं लग्न अठरापूर्वी झालेलं निघालं. आणि सतरा वर्षांची पोरगी अठरा-एकोणीसच्या पोराबरोबर आपखुशीने गेली की घरचे अपहरणाची फिर्याद देतात, पोरगा पॉक्सोखाली आत जातो. कायद्याच्या लेखी तिचा होकार होकारच नसतो. घरच्यांनी सोळाव्या वर्षी लग्न ठरवलं तर तिचा नकारही कोणी लिहून घेत नाही. २०२३च्या सप्टेंबरमध्ये विधी आयोगाने वय १८वरून खाली आणू नये, पण १६ ते १८मधल्या अशा प्रकरणांत न्यायाधीशांना काही मोकळीक असावी, अशी शिफारस केली. उलट बाजूने मुलीच्या लग्नाचं वय २१ करण्याचं विधेयक डिसेंबर २०२१मध्ये लोकसभेत आलं आणि २०२४मध्ये लोकसभा विसर्जित होताच बाद झालं.

माणदेशातल्या घरांत तोवर एक वेगळा करार रुळू लागला आहे. बारावी झालेली पोरगी बापाला म्हणते, दोन भरत्या बघू, मग तुम्ही म्हणाल ते. बाप हिशेब करतो. शेतीला पाणी नाही. आगरकरांच्या टेंभूहून उपसलेलं कृष्णेचं पाणी आटपाडीकडे आलं, तरी सगळ्या रानांना पोचलेलं नाही. पोरगी वर्दीत आली तर घर सावरेल. तो हो म्हणतो. अकॅडमीची फी भरतो, शेजारी विचारतात तेव्हा ‘ग्राउंड निघालंय तिचं, लेखी राहिलीय’ असं सांगतो. आणि भरती निघायला उशीर झाला, एखाद्या वर्षी निघालीच नाही, तर त्या दोन भरत्यांची तीन-चार वर्षं होतात आणि पोरगी तेवढ्या काळात पदवीचा फॉर्म भरून मोकळी होते.